दिलेलं मागायचं नाही

आमच्या पडवीत पाय ठेवला की नवीन माणूस जरा दबकतोच. भिंतीला टेकवलेल्या चाकांच्या खुर्च्या, वर-खाली होणारी एक खाट, कोपऱ्यात लहान मुलांच्या कुबड्या. त्याला वाटतं, घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. मग तो हळू आवाजात विचारतो, "कोण आजारी आहे?" मी म्हणते, "कुणी नाही हो, आम्ही सगळे ठणठणीत आहोत. हा आमचा ट्रस्ट." त्यावर तो ऑफिस शोधायला लागतो. ऑफिस कुठलं डोंबलाचं! ही पडवी, माझ्या जावेचा मोबाईल आणि आमच्या ह्यांची जुनी गाडी, झाला ट्रस्ट.

रत्नागिरीत आम्हाला ओळखणारे ओळखतात. फार आजारी असलेल्या मुलांना घरी लागणाऱ्या वस्तू आम्ही देतो, मुंबईला उपचाराला जाणाऱ्यांची राहायची सोय बघतो. मधूनमधून किरकोळ कामं असतातच. कुठल्या शाळेत मुलींच्या संडासाला दार नाही, कुणा शिंप्याला चष्मा हवाय, कुठल्या एसटी थांब्यावर म्हाताऱ्यांना टेकायला बाक नाही. त्या बाकासाठी मी ग्रामपंचायतीत इतकी भांडले की शेवटी तिथल्या शिपायानं मला चहा पाजून वाटेला लावलं. बाक मात्र झाला. फोन जाऊ घेते, कारण माझ्या हातात फोन दिला तर माणसं मदत नको म्हणून पळतील असं तिचं मत आहे. दुरुस्त्या हे बघतात, त्यांचं जन्मभर विजेच्या सामानाचं दुकान होतं. आणि मी वस्तू कशी वापरायची ते आयांना शिकवते. नीट वापरली नाही तर ओरडतेही.

हे सगळं आमच्या मुलीपासून सुरू झालं. तिची फुप्फुसं लहानपणापासून अधू. शेवटी शेवटी तिला घरीच ऑक्सिजन लागायचा. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन असतं, ते आम्ही भाड्यानं आणलं होतं. गुडघ्याच्या वर येणारं, चाकांवरचं, दिवसरात्र घुर्र करणारं. त्याला पाण्याची एक बाटली लावलेली असते, तिच्यातून सारखे बुडबुडे येतात. तो बुडबुड आवाज चालू आहे म्हणजे पोर श्वास घेते आहे, एवढं मला कळायचं. भांडी घासताना, नारळ खवताना माझा एक कान तिकडेच.

ती गेली. मशीन बंद करायचा धीर कुणालाच झाला नाही, ते तसंच चालू राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मोटारसायकल येऊन थांबली. भाड्याच्या दुकानातला माणूस. म्हणाला, "मशीन न्यायचं होतं. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय." सुतकसुद्धा फिटलं नव्हतं हो! माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी फेकला. त्याला लागला नाही, तुळशीच्या कट्ट्यावर आपटला. त्या तांब्याला अजून पोचा आहे आणि अजून मी त्यातूनच पाणी पिते. ह्यांनी आत जाऊन वायर काढली, गुंडाळली आणि मशीन त्याच्या हवाली केलं. नंतर घरात इतकं गप्प झालं की मी मुद्दाम नळ सोडून ठेवायची.

म्हणून ट्रस्ट काढला तेव्हा माझी एकच अट होती. दिलेलं मागायचं नाही. घरच्यांना जमेल तेव्हा ते आणून देतील, आपण कुणाच्या अंगणात जाऊन उभं राहायचं नाही. मूल गेल्याचं कानावर आलं तरी त्या घरी जायचं नाही, फोनही करायचा नाही. उगाच त्यांना वाटायला नको, हे वस्तूसाठी आले. हे म्हणाले, "ठीक." जाऊ म्हणाली, "अगदी बरोबर आहे, जाऊबाई." आणि माणसं आणून देतातही. कुबड्या परत येतात त्या कोकमाच्या पिशवीसकट. एकदा तर चाकाच्या खुर्चीत बसून भलामोठा फणस आला होता. आमच्या ह्या रीतीचा आम्हाला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, चांगलाच होता.

गेल्या शिमग्याच्या तोंडावर जावेला एक फोन आला. खेडजवळ लोटे आहे, त्याच्या वरच्या अंगाला एक गाव आहे, तिथली बाई, इस्पितळातून बोलत होती. नवरा लोट्याच्या केमिकल कंपनीत पाळीवर. मुलगा चौथीतला, जन्मापासून हृदयाचं दुखणं, आता फुप्फुसांवर आलेलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. पोराला एकच ध्यास होता. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, ती त्यांच्या घरी येईल तेव्हा आपण घरी असायचं. दुसरं काही नको, खेळणं नको, मुंबई नको. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर आजच सोडतो, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि मध्ये एकच दिवस सोडून पालखी त्यांच्या वाडीत यायची होती.

आमची सगळी मशीनं बाहेर होती. ह्यांनी रत्नागिरी, चिपळूण, सगळीकडे फोन फिरवले. मोठ्या माणसांची मशीनं एक-दोन ठिकाणी होती, पण लहान मुलाला अगदी थोडा थोडा ऑक्सिजन सोडावा लागतो, तसं एकही नव्हतं. मुंबईहून मागवलं तर शिमगा होऊन जाणार. जाऊ कपाटाकडे तोंड करून उभी होती. तशीच म्हणाली, "एक आहे. मुरुडला."

दापोलीच्या पुढे मुरुडला एक मुलगी होती, आमच्याच मशीनवर. पावसाळ्यात ती गेल्याचं तिथल्या डॉक्टरांकडून कळलं होतं. आमच्या रीतीप्रमाणे आम्ही गप्प राहिलो होतो. पावसाळा सरला, दिवाळी झाली, थंडी गेली, मशीन काही परत आलं नव्हतं. हे माझ्याकडे बघत म्हणाले, "अट तुझी आहे. तूच सांग."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "मला काय विचारता? पोराचा जीव टांगणीला लागलाय आणि अटी काय काढत बसलाय! गाडी काढा." ओरडले खरी. आधी फोन करून मागायचं धाडस मात्र झालं नाही. तोंड न दाखवता फोनवर मागणं त्या मोटारसायकलवाल्यापेक्षा वाईट, असं मनात आलं.

सकाळी लवकर निघालो तरी मुरुडला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. वाटभर मी मनातल्या मनात गोड वाक्यं जुळवत होते. माझ्या तोंडून जन्मात गोड वाक्य निघालेलं नाही, त्यामुळे एकही धड जमेना. शिवाय रागही येत होता. असं कसं ठेवून घेतलं हिनं मशीन इतके दिवस? दुसऱ्याच्या पोराचा विचार नको करायला? असं चाललं होतं माझं.

समुद्राकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या पाखाडीच्या कडेला सुपारीची वाडी, वाडीत घर. नवरा बोटीवर, घरात ती आणि तिची सासू. मी अंगणात जाऊन उभी राहिले. हाक मारणार तोच आतून आवाज आला. घुर्र, आणि त्याच्या जोडीला बुडबुड, बुडबुड.

पडवीच्या कठड्यावर, पेळेवर, हात टेकून उभी राहिले. त्याच क्षणी लक्षात आलं, की आता अंगणात उभा असलेला तो माणूस मीच आहे. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय म्हणून आलेला. त्याच्या त्या गिऱ्हाइकाचं पुढं काय झालं, तेही एखादं पोर होतं की काय, हे मी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं.

ती बाहेर आली. पोरगेलीच आहे तशी. मला बघून दारातच थबकली. "काकू? तुमी?"

"मीच गं."

तिनं आत नेलं. खिडकीशी मुलीची खाट, चादर घडी न मोडलेली, आणि शेजारी मशीन चालू. बाटलीत स्वच्छ पाणी. खिडकीच्या गजाला फिल्टर धुऊन वाळत घातलेला. मी बघत राहिले तशी ती घाईघाईनं म्हणाली, "तुमीच सांगितलंत ना, नुसतं पडून राहिलं तर बिघडतं. रोज थोडा वेळ लावायचं, फिल्टर धुवायचा. मी एक दिवस चुकवला नाय."

मी असं प्रत्येकीलाच सांगते. कुणी इतकं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.

गोड वाक्यं राहिली बाजूला, मी धाडकन सगळं सांगून टाकलं. लोट्याचा मुलगा, पालखी, मशीन कुठंच नाही. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर मशीनवरची नसलेली धूळ तिनं पदरानं पुसली.

"परत द्यायला मी गाडी सांगितलेली एकदा," ती म्हणाली. "गाडी आली दारात. मग म्हटलं, नको. पाठवून दिली."

"का गं?"

"ती आजारी होती तवा सगळी यायची. डॉक्टर यायचे, नर्सबाई यायच्या, तुमी यायचात, मला ओरडायचात. ती गेली आणि कुणी आलंच नाय, काकू. शेजारची माणसंपण तिचं नाव निघालं की भाजीचा भाव काढतात. मी म्हटलं, मशीन हाय त्यांचं आपल्याकडं. कधीतरी न्यायला तरी येतील."

आपण हिला त्रास नको म्हणून आलो नाही, आणि ही पावसाळ्यापासून आपली वाट बघत बसली आहे, रोज मशीन चालवत. मी म्हटलं, "अगं, तुला वाटलं असतं मशीन मागायला आले."

तिला हसू आलं, पण ते बघवत नव्हतं. "मागायला तरी यायचंत हो."

मी खाटेवर बसले आणि रडले. माझ्या मुलीसाठी मी चारचौघांत रडले नव्हते, तांब्या फेकला होता. त्या दिवशी त्या परक्या घरात दोन्ही मुलींसाठी रडले. सासूबाईंनी गूळ-पाणी आणून पुढ्यात ठेवलं आणि त्याही तिथंच जमिनीवर बसल्या.

मशीन तिनंच बंद केलं. वायर गुंडाळली, फिल्टर काढून आणला, आणि मग पायात चपला घातल्या. "मी येते संगती. त्याच्या आईला पहिल्या दिवशी एकटीला जमायचं नाय. मला नव्हतं जमलं." मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "जा गो, जा. घरात बसून तरी काय करतेस."

मागच्या सीटवर मशीनला हाताचा विळखा घालून ती बसली आणि दापोली मागं पडायच्या आत तिनं मुलीबद्दल बोलायला सुरुवात केली. तिला माशातली तुकडी नको असायची, डोकं हवं असायचं. शाळेत पाढे म्हणताना ती सत्तावीसच्या पाढ्याला रडायची. बाप बोटीवरून आला की पहिले दोन दिवस ती त्याच्याशी बोलायचीच नाही, रुसून. खेड येईपर्यंत ती थांबली नाही. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही, आणि आमच्या ओळखीतल्या कुणालाही हे सांगितलं तर पटायचं नाही. हे गाडी नेहमी जोरात हाणतात. त्या दिवशी बैलगाडीसारखी चालवत होते, आणि का ते मला कळत होतं.

आम्ही त्या मुलाच्या घरी पोचलो, त्याला घेऊन रुग्णवाहिका दुपारनंतर आली. पोर म्हणजे नुसती हाडं आणि डोळे. पण तोंड भारी तिखट! आत नेताना उचलणाऱ्या चुलत्याला म्हणाला, "हळू रे, मी काय भाताचं पोतं हाय?" मुरुडच्या आईनं नळी त्याच्या नाकाशी लावली, कानामागून घेतली, गालाला चिकटपट्टी लावताना आधी तोंडाच्या वाफेनं बोटं ऊबदार केली. मुलाची आई शेजारी उभी राहून सगळं बघत होती. बाटलीत बुडबुडे सुरू झाले. मुलानं मशीनकडे बोट केलं. "हे कुणाचं होतं?"

मी काहीतरी थाप ठोकणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "माझ्या मुलीचं."

"ती बरी झाली?"

"नाय रे, बाळा. पण ह्याच्यावर तिला झोप छान लागायची."

पोरानं थोडा विचार केला. "मग चालेल," म्हणाला. त्याच्या आईनं तोंडात पदर कोंबला आणि ती स्वयंपाकघरात गेली. मुरुडची आई तिच्या मागोमाग गेली. आत काय बोलल्या दोघी, मला माहीत नाही, मी जाऊन विचारलंही नाही.

आम्ही मुक्कामाला तिथंच राहिलो. दुसऱ्या दिवशी अंगण सारवलेलं, दारात रांगोळी, ओटीचं ताट तयार. लाईट गेली तर म्हणून हे बरोबर आणलेल्या इन्व्हर्टरपाशी ठाण मांडून बसले होते. खालच्या वाडीतून ढोल ऐकू यायला लागला तशी गावातली मोठी माणसं पुढं आली. पोराला त्रास नको, ढोल अंगणाबाहेरच थांबवू, असं त्यांच्यात चाललं होतं. मुलानं ऐकलं आणि तो भडकला. "ढोल नाय तर पालखी कशाला?" एवढं बोलून त्याला धाप लागली. मग ढोल आत आले.

पालखी खांद्यावर नाचत अंगणात आली. ढोलाचा आवाज एवढा, की मशीनचं घुर्र नाही की बाटलीतले बुडबुडे नाहीत, काही म्हणता काही ऐकू येईना. मी मशीनकडे वळले. आणि बघते तर मुरुडची आई मशीनशेजारी खाली बसली होती, मशीनवर तळवा दाबून धरून. ते चालू आहे की नाही हे ती हातानं बघत होती. पालखी नाचत होती तोवर तिनं हात काढला नाही, पालखीकडे एकदाही बघितलं नाही.

मग पालखी दारातून आत घेतली आणि मुलाच्या खाटेएवढी खाली धरली. त्यानं हात लावला. गावातले एक म्हातारे मानकरी गाऱ्हाणं घालायला लागले. "देवा महाराजा, आज ह्या घरात तुझी पालखी आली हाय रे महाराजा."

सगळे म्हणाले, "होय महाराजा!"

"ह्या लेकराच्या पाठीमागं जो काय त्रास लागला असेल, तो तुझ्या पायाखाली घे रे महाराजा."

"होय महाराजा!"

"आणि पुढल्या शिमग्याला," म्हातारे म्हणाले आणि अडले. त्यांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. वर्षानुवर्षं तोंडपाठ असलेलं गाऱ्हाणं, पण पुढं जाईना. तेवढ्यात खाटेवरून पोराचा बारीक आवाज आला. वाक्य पुरं झालं असं त्याला वाटलं असेल, किंवा झालेलं नाही हे कळलंही असेल. तो म्हणाला, "होय महाराजा!"

मग सगळ्यांनी म्हटलं. काय म्हणतो आहोत ते माहीत असून म्हटलं.

आंबे उतरायला लागले आणि तो गेला. मध्ये आम्ही दोन-तीन वेळा जाऊन आलो होतो. मुरुडची आई तर एसटीनं एकटीच जायची, कधी सकाळी जाऊन संध्याकाळी परत, कधी मुक्कामाला. तो गेल्याची बातमी तिनंच कळवली. चार दिवसांनी मुलाच्या आईचा जावेला फोन आला. आवाज अगदी कोरडा. "मशीन घेऊन जावा. दुसऱ्या कुणाला लागेल." जावेनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी मुरुडला फोन लावला.

खेडच्या स्टँडवर तिला गाडीत घेतलं आणि त्या घरी गेलो. मुलाच्या आईनं सगळी तयारी करून ठेवली होती. पडवीत मशीन, धुतलेल्या लुगड्यात बांधलेलं, वर नारळ ठेवलेला. स्वतः दारात उभी, न्हाणीघरातून ओल्या हातानंच आलेली. आम्हाला बघून म्हणाली, "वायर आत गुंडाळलीय. फिल्टर धुतलाय." आणि वाकून मशीन पुढं ढकलायला लागली.

मुरुडच्या आईनं नारळ उचलून बाजूला ठेवला. लुगड्याची गाठ सोडली, मशीन लोटत लोटत आत त्याच्या जागेवर नेऊन ठेवलं आणि बाहेर आली.

"मशीनसाठी नाय आलो आमी," ती म्हणाली. "बस बघू. लहान असताना तो सगळ्यात जास्त कशाला रडायचा, ते सांग."

ती बाई तिथंच उंबऱ्यावर बसली आणि तिच्या तोंडून पहिल्यांदा हुंदका फुटला.

आम्ही नवीन मशीन घेतलं आहे, लहान मुलांचंच. ते सध्या एका घरी आहे. जुनं अजून लोट्याच्या वरच्या त्या घरात आहे. जाऊ मधूनमधून म्हणते, "जाऊबाई, ते आणायचं राहिलंय हो." मी म्हणते, "राहू दे. पुढच्या आठवड्यात आम्हाला तिकडे जायचंय." गेलो की चहा होतो, पोरांच्या गोष्टी निघतात, आणि परत येताना मशीन गाडीत घालायचं आम्ही दर वेळी विसरतो.